पाळण्याचे तीन कागद

पाळणा हॅम्बुर्गला पोचला होता. त्याचे कागद मात्र मिरजगावजवळच्या वस्तीवर, आक्काबाईंच्या देवघरात नारळाखाली होते, आणि आक्काबाई तो नारळ हलू देत नव्हत्या.

मी नगरच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत कागदपत्रं बघते. एका पाळण्यासाठी कोणी अख्खा कंटेनर घेत नाही, म्हणून आम्ही अनेकांची खोकी एकाच कंटेनरमध्ये भरतो. बोटवाले सगळ्या कंटेनरचा एक कागद आम्हाला देतात, आणि आम्ही ज्याच्या त्याच्या खोक्याचा वेगळा कागद करतो. त्याला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. तो अस्सल कागद दाखवल्याशिवाय तिकडे माल सुटत नाही. घरगुती सामान असलं की आम्ही तो इथेच जमा करून घेतो आणि पलीकडे निरोप धाडतो, म्हणजे कोणाला त्रास नको.

आक्काबाईंना तेच पटलं नव्हतं. "वस्तू तुमाला दिली आन कागद बी तुमीच ठेवणार? ह्यो कुठला न्याय?" म्हणत त्या माझ्या टेबलापुढून हलल्याच नाहीत. शेवटी साहेबांनी तिन्ही अस्सल प्रती त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या कपाळाला लावल्या आणि पदराखाली घेऊन गेल्या.

गुरुवारी त्यांच्या लेकीचा, निकिताचा, हॅम्बुर्गहून फोन आला.

"ताई, रविवारी बारसं आहे. गोदामवाले म्हणतात, अस्सल कागद आणा नाहीतर तुमच्या ऑफिसचा निरोप येऊ दे. शनिवारी त्यांचं बंद असतं. आणि आई ऐकतच नाहीये. जोरात बोलले तर तीच रडायला लागली."

मी मिरजगावचीच. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या फाट्यावर उतरले.

अंगणात आक्काबाईंचे यजमान, मच्छिंद्रकाका, शेंगा फोडत बसले होते. "या म्याडम. आत बसलेत तुमच्याच कंपनीचे देव. दोन टाइम आरती हाय."

"तुमी गप ऱ्हावा," आतून आवाज आला.

देवघरात तूपवात मंद तेवत होती. तांदळाच्या राशीवर आमच्या कंपनीचे तीन कागद, त्यावर हळदकुंकू, त्यावर नारळ. मी नमस्कार केला आणि आक्काबाईंजवळ खाली बसले. गुरुवारचा कडक उपास असल्याने चहा नको म्हटलं, पाणी घेतलं.

"काकू, संकल्प काय केला होतात?"

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "मागल्या बारीला पाचव्या म्हैन्यात गेलं तिचं. मी तिथं न्हवते. ह्या बारीला देवाला म्हनले, तिचं लेकरू पाळन्यात निजू दे. तवर ह्यो नारळ मी हलवायची न्हाई. आता लेकरू आलंय सुखरूप. आन ह्या वक्ताला मी शब्द मोडू? काय झालं म्हंजी?"

व्रत धरणारीला 'काही होत नाही' असं सांगू नये, ते मला ठाऊक आहे. मी नुसतं कागदांचं सांगितलं. हे तिन्ही माझ्या हाती आले की मी पलीकडे कळवणार, मगच तिथला माणूस खोकं सोडणार.

"म्हंजी मी हितं धरून बसलेय, म्हनून त्यो तिथं अडकलाय?"

मी मान हलवली. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"काकू, माझी आई आजारी पडली तेव्हा तिचे सोमवार मी धरले होते. व्रत मोडलं नाही, फक्त हात बदलले. हा नारळ मला द्या. माझ्या देवघरात असाच तांदळावर राहील. तुम्ही सांगाल तेव्हाच उचलीन."

त्यांनी तूपवात जरा पुढे सारली. "दिवा इजू देनार न्हाईस?"

"नाही."

"सासू हाय का तुला? मदी बोलंल?"

"त्या माझ्याआधी उठून वाती करतात."

"घ्या!" दारातून काका म्हणाले. "आता देवाचं बी पार्सल निघालं."

पण तेच आत येऊन देवापुढे हात जोडून उभे राहिले. आक्काबाईंनी अक्षता वाहिल्या, नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या ओटीत घातला. मग कागदांच्या पाठीवर, मी दाखवलं तिथे, जपून सह्या केल्या. जीपमध्ये मी नारळ मांडीवरच घेऊन बसले. घरी सासूबाईंनी काही न विचारता तांदूळ काढून दिले.

शुक्रवारी साहेबांनी कागद नाकाजवळ नेले. "हे तेलकट कसे झाले?"

"साजूक तूप आहे, साहेब."

त्यांनी हसून शिक्का मारला. निरोप गेला, आणि दुपारनंतर उत्तर आलं. निकिताचा नवरा खोकं घेऊन गेला होता.

रविवारी मी सकाळपासून फोन जवळ ठेवला. दुपार टळली तेव्हा काकांच्या फोनवरून आक्काबाईंचा आवाज आला. "घातलं गं पाळन्यात! नाव बी ठेवलं, सायली. पर निजंना. लई रडतीय."

"मग नारळ?"

"मी निजंल म्हनले हुते. निजल्याबिगर न्हाई."

मी समईत तूप घातलं. काकांचा फोन चालूच राहिला. दुसऱ्या मोबाईलवरून आक्काबाई हॅम्बुर्गच्या बाळाला पाळणा गाऊन निजवत होत्या, आणि काकांच्या फोनमधून तो माझ्यापर्यंत येत होता. बाळाचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग ऐकूच येईना. आक्काबाईंचं गाणं मात्र चालू होतं.

काका कुजबुजले, "म्याडम, निजली बगा. पर ही थांबंना. सांगू का?"

"नको काका. म्हणू द्या," मी म्हटलं, आणि नारळावर हात ठेवून आक्काबाईंच्या सांगण्याची वाट बघत बसले.