आपण होऊन

पत्त्यावर बोट ठेवून बाई एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागल्या, तेव्हा लॅबचे मालक खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हातातला कागद डोळ्यांजवळ धरून तेही ताडून पाहू लागले. पडद्यावरचा सर्व्हरचा पत्ता आणि कंपनीने कळवलेला पत्ता, टिंबांसकट आणि तिरप्या रेघांसकट, तंतोतंत जुळला. बाईंनी पुन्हा बटण दाबले. प्रोग्रामने क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि सकाळपासूनचेच उत्तर दिले: सापडले नाही.

"अहो, सापडत नाही म्हणजे काय?" मालक म्हणाले. "कंपनीला मी स्वतः फोन केला. ते म्हणतात, तुमच्या ऑर्डरी इथे येऊन पडल्यात. तुमचा प्रोग्राम म्हणतो, नाहीत. मी ऐकू तरी कोणाचं?"

"सध्या कोणाचंच ऐकू नका. चहा सांगा."

लॅब दातांची होती. गावभरचे दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याची चित्रे एका कंपनीच्या सर्व्हरवर चढवत. तिथून ती उतरवून घ्यायची आणि कोणाला कुठली कॅप, कोणाला कुठली कवळी हे लॅबमधल्या पडद्यावर दाखवायचे, हे बाईंच्या प्रोग्रामचे काम. बाईंचे केस काळे होते तेव्हा त्यांनी तो लिहिला होता, आणि ज्या भाषेत लिहिला होता ती आता कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हते. तरी हा म्हातारा प्रोग्राम ठणठणीत होता. गेल्या आठवड्यात कंपनीने जुना सर्व्हर बंद करून नवा आणला, आणि तेव्हापासून एकही ऑर्डर लॅबमध्ये उतरली नव्हती. डॉक्टरांचे फोन सुरू झाले होते. मालकांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

चहा घेऊन आला तो रंगारी. चहा आणणे त्याचे काम नव्हते, पण बाई आल्या की तो आपल्या टेबलावरून उठायचाच. त्याच्या हुद्द्याचे खरे नाव लांबलचक होते, ते कोणाच्या लक्षात राहत नसे. कॅपवर चिनी मातीची पूड कुंचल्याने थरावर थर चढवून, भट्टीत भाजून, तिला शेजारच्या खऱ्या दाताची छटा आणायची, हा त्याचा उद्योग. म्हणून रंगारी. चाळिशीला टेकलेला, एकटा, शब्द मोजून खर्च करणारा.

"साखर कमी घातलीय," तो म्हणाला, कप ठेवला आणि गेला.

तो आपल्या जागी बसला हे पाहून मालकांनी आवाज खाली आणला. "त्यात हा नोकरी सोडून चाललाय."

"कुठे?"

"दुसऱ्या शहरात. मोठी लॅब आहे, मोठा पगार. शनिवारपर्यंत कळवायचंय त्यांना. मी म्हटलं, काय कमी पडलं बाबा तुला इथे? तर नुसता हसतो. तुमच्यापाशी काही बोलला का?"

"माझ्यापाशी कशाला बोलेल?" म्हणून बाईंनी पडद्यात डोके घातले.

रंगारी का चाललाय, ते बाईंना पक्के ठाऊक होते. बाईंचे लॅबमधले काम आटोपले की सून त्यांना न्यायला गाडी घेऊन यायची. पूर्वी खालूनच हॉर्न वाजवायची. मग कधीतरी ती जिना चढून वर येऊ लागली, आणि पुढे पुढे तर बाईंचे काम संपायच्या बरेच आधी येऊ लागली. रंगाऱ्याच्या टेबलापाशी उभी राहून ती छटांची पट्टी न्याहाळायची. दात पांढरा नसतोच, त्यात पिवळा असतो, करडा असतो, कडेला थोडा निळाही असतो, असे तो तिला सांगायचा. ती नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात कामाला होती, तिला रेषा नि रंग कळत. बोलणे सगळे दातांविषयीच असे. पण दातांविषयी इतक्या हळू आवाजात कोणी बोलत नाही.

मुलगा गेल्याला आता तिसरे वर्ष होते. आजार, हॉस्पिटल, मग काहीच नाही. सून माहेरी गेली नाही. बाईंनीही जा म्हटले नाही, राहा म्हटले नाही. घरात दोघी राहिल्या आणि राहता राहता दोघींचे चांगले जमले. पहिल्यापेक्षाही चांगले, कारण मध्ये मुलगा असताना दोघींनाही त्याच्याच बाजूने बोलावे लागे.

रंगाऱ्याचे लक्षात आल्यावर बाईंनी मनाशी ठरवून टाकले होते: तिने विचारले, तर मी एका शब्दाने आडकाठी करणार नाही. आनंदाने हो म्हणेन. असे ठरवल्यावर त्या स्वतःवर बऱ्यापैकी खूश झाल्या होत्या. आता सुनेने विचारलेच नाही, त्याला त्या काय करणार? ती मूग गिळून बसली होती. आणि ती बसली होती तोवर सकाळचा चहा दोघींचा होत होता, संध्याकाळी दाराशी चपलांचे दोन जोड सुटत होते. शनिवार असाच निघून गेला असता तर पुढेही तसेच चालू राहिले असते. यात बाईंचा काय दोष? त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

दुपारी बाईंनी दुसरीच युक्ती केली. आपला प्रोग्राम बाजूला ठेवला आणि इंटरनेटवरचे एक साधेसे साधन घेऊन त्याच पत्त्यावर, त्याच नावाने, त्याच पासवर्डने विचारणा केली. भडाभडा सगळ्या ऑर्डरी आल्या. म्हणजे पत्ता खरा, पासवर्डही खरा. घोडे पेंड खात होते ते त्यांच्याच प्रोग्रामात.

त्यांनी जुना कोड उघडला. नाव दिले आहे का? दिले आहे. पासवर्ड दिला आहे का? तोही दिला आहे. सगळे जिथल्या तिथे, आपल्याच तरुणपणच्या नीटनेटक्या हाताने मांडलेले. त्या ओळी त्यांनी इतक्यांदा वाचल्या की अक्षरे पोहायला लागली. शेवटी त्यांनी हात टेकले आणि वाचणे सोडून दिले. आपण काय लिहिले आहे ते नको, तारेवरून बाहेर काय जाते ते पाहू, असे ठरवून त्यांनी मध्ये एक पहारेकरी प्रोग्राम बसवला. जाणारे प्रत्येक पत्र तो फोडून दाखवत असे.

दोन्ही पत्रे त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. साध्या साधनाच्या पत्रात नाव आणि पासवर्डाची ओळ होती. त्यांच्या पत्रात ती ओळच नव्हती.

मग बाईंनी त्या जुन्या भाषेची माहिती चाळायला घेतली, आणि अर्ध्या पानावर त्यांना हसू फुटले.

"सापडलं?" मालक धावत आले.

"सापडलं. मला सांगा, तुमच्या दारात अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, अमक्यातमक्यांची कवळी झाली का? तर काय सांगाल?"

"सांगेन, असल्या कोणाची कवळी इथे नाही. दुसऱ्याच्या दातांची चौकशी करणारा तो कोण?"

"नवा सर्व्हर तेच करतो. आधीचा विचारायचा, तू कोण? विचारलं की माझा प्रोग्राम नाव सांगायचा, पासवर्ड दाखवायचा. हा नवा काही विचारतच नाही. अनोळखी दिसला की सरळ, इथे काही नाही म्हणून मोकळा. आणि आमचा हा, विचारतील तेव्हा सांगू म्हणून ओळखपत्र खिशात घालून दारात उभा. तो विचारत नाही, हा सांगत नाही."

"काय मूर्ख प्रोग्राम आहे!"

"मूर्ख नाही हो, भिडस्त आहे. मीच लिहिलाय."

"मग आता?"

"आता त्याला सांगायचं, कोणी विचारायची वाट बघू नकोस. पाऊल टाकतानाच आपण होऊन सांग."

बाईंनी एक ओळ लिहिली आणि बटण दाबले. पडदा ऑर्डरींनी भरून गेला. खाली सरकवावा तितक्या निघत राहिल्या. मालकांचा जीव भांड्यात पडला. आज रात्री उशिरापर्यंत काम चालेल, कोणी जायचे नाही, असे त्यांनी सगळ्यांना टाळी वाजवून सांगितले आणि ते डॉक्टरांना फोन लावायला धावले. पलीकडच्या टेबलावर घासायची यंत्रे घोंघावू लागली.

बाई मात्र हात मांडीवर ठेवून तशाच बसून राहिल्या. मघाचे हसू कुठल्या कुठे गेले होते. तिने विचारले तर, तिने विचारले तर, हे वाक्य त्यांनी इतके दिवस मोठे मन म्हणून जवळ बाळगले होते. ते मोठे मन नव्हते. ती सोय होती. आपल्याच घरात त्यांनी एका पोरीला इतके दिवस न बोलता सांगितले होते, इथे काही नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

खाली हॉर्न वाजला. आज सून वर आली नाही. रंगाऱ्याने खिडकीकडे पाहिले, मग कुंचला पाण्यात बुडवून तो पुन्हा कामाला लागला. बाईंनी पिशवी उचलली.

लॅब आज उशिरापर्यंत चालणार, एवढेच बाई गाडीत बसताना म्हणाल्या. वाटेत सून कामाचे काहीबाही बोलत होती. ऑफिसातला मोठा नकाशा चुकीच्या मापात छापून आला, साहेबांनी आरडाओरडा केला. बाई हं, हं करत होत्या. घरापुढे गाडी थांबली, इंजिन बंद झाले, तरी बाई उतरेनात.

"आई, उतरायचं नाही का?"

"बस जरा." बाई समोरच्या काचेकडे पाहत म्हणाल्या, "रंगारी चाललाय."

"माहीत आहे."

"मग तुला काय वाटतं?"

हाही पुन्हा प्रश्नच झाला, पुन्हा तिच्यावरच ढकलले, हे बाईंच्या ध्यानात आले.

"राहू दे. मला काय वाटतं ते सांगते. माणूस चांगला आहे. तुझं त्याच्याशी जमतं, ते मी बघितलंय. तू त्याच्याशी लग्न करावंस असं मला वाटतं. तू विचारलं नाहीस. तरी सांगतेय."

सुनेने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. गाडी उभी असूनही तिने ते घट्ट धरले होते.

"त्यांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "थंडीतच. मी नाही म्हटलं."

"नाही म्हटलंस? का?"

"हो म्हणायच्या आधी तुम्हाला विचारावं लागलं असतं."

"मग विचारायचं होतंस! मी काय तुला खाल्लं असतं?"

"खाल्लं नसतं. तुम्ही हो म्हणाला असता." सून आता त्यांच्याकडे वळली. "लगेच म्हणाला असता. मी विचारल्यावर तुम्ही दुसरं काही म्हणणाऱ्यातल्या नाहीतच. पण तो हो तुमच्या मनातून आला की माझ्या भिडेखातर, हे मला कधी कळलंच नसतं. तसला हो घेऊन मी कुठे जाणार होते?"

ही आपल्या नकाराला घाबरते, असे बाई धरून चालल्या होत्या. त्यासाठी दोन चार वाक्येही तयार करून आणली होती. ती सगळी फुकट गेली.

"आता तर विचारलं नाहीस ना?" शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही," सून म्हणाली. "पण तुम्ही एकट्या पडाल."

छे, मला काय होतंय, असे म्हणणे सोपे होते. जिभेवर आलेही होते. बाईंनी ते गिळले.

"पडेन," त्या म्हणाल्या. "चांगलीच पडेन. सकाळी तर फारच. ते माझं मी बघेन. त्यापायी तू थांबू नकोस."

सुनेने त्यांच्याकडे नीट पाहिले. इतका वेळ जे ऐकले त्यात याच एका शब्दावर तिचा विश्वास बसला असावा, कारण ती रडायला लागली. रडताना तिने बाईंचा हात धरला नाही, नुसती हुंदके देत राहिली, आणि बाईंनी तिला रडू दिले. मग तिने ओढणीने चेहरा पुसला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले.

"आता कुठे?"

"लॅब आज उशिरापर्यंत चालू आहे, असं तुम्हीच म्हणालात ना मघाशी गाडीत बसताना?"

"अगं, मग मला आधी उतरू तर दे!"

बाई घाईघाईने उतरल्या. गाडी वळली, कोपऱ्यावर क्षणभर थांबली आणि दिसेनाशी झाली. जिना चढून दारापाशी आल्यावर पिशवीत हात घालताना बाईंना आठवले, की घराची किल्ली सुनेच्या पर्समध्येच आहे. कित्येक महिन्यांत त्यांना स्वतःची किल्ली लागलीच नव्हती. फोन केला असता तर ती दोन मिनिटांत मागे फिरली असती.

त्यांनी फोन पिशवीत ठेवला, पायरी हाताने झटकली आणि त्या दारापाशी बसून राहिल्या.