पहिल्या घासानंतर

"ताई, दारणा परत लाल झाली," भाग्यश्री म्हणाली. कानावरचा हेडफोन तिने गळ्यात सरकवला होता आणि ती भिंतीकडे बघत होती.

उत्तराताईंनी मान वर केली नाही. तशी गरजही नव्हती. भिंतीवरच्या त्या मोठ्या पडद्याचा उजेड सरळ टेबलावर पडायचा, आणि लाल रंग वाढला की समोरच्या बाटलीतलं पाणीसुद्धा कुंकू कालवल्यासारखं दिसायचं.

अंबडच्या त्या कारखान्यात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या तयार होत. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारा विभाग वरच्या मजल्यावर होता. मयुरेशसाहेब पुण्याहून नव्याने आले, तेव्हा त्यांनी जिल्हा चार टीममध्ये वाटला आणि टीमना नद्यांची नावं दिली. शहराची गोदा, सटाणा-मालेगावकडची गिरणा, निफाड-दिंडोरीची कादवा आणि इगतपुरी-घोटीची दारणा. कुणाकडे किती तक्रारी आल्या, किती मिटल्या, एकेका फोनला किती वेळ गेला, सगळं त्या डॅशबोर्डवर दिसायचं. तक्रार वेळेत मिटली की हिरवी, रेंगाळली की पिवळी, फारच रेंगाळली की लाल. उत्तराताईंना सुरुवातीला बरं वाटलं होतं. दिवसभर नद्यांची नावं तोंडात येतील, तेवढंच पुण्य.

आता भाद्रपद सरत आला होता आणि त्यांची दारणा आषाढापासून लालच्या लाल होती.

"सावळीरामला लावलास का फोन?"

"लावलाय. घ्या, तुम्हीच बोला."

सावळीराम हा इगतपुरीकडचा मेकॅनिक. त्याच्या आवाजामागे पाऊस नुसता कोसळत होता.

"ताई, पार डोंगराखालचा रस्ता खचलाय. गाडी काय, बैल पण जायाचा नाय."

"अरे, पण ती घोटीची तरी तक्रार मिटव."

"तिथं गेल्तो ना. पण चार दिस झालं, लाईटच नाय. बॅटरी भरायची कशानं? आन ती भरल्याबिगर इन्व्हर्टर नीट झाला का नाय, म्या काय पंचांग बघून सांगू?"

पलीकडच्या टेबलावरून संतोष हसला. तो गोदा टीमचा प्रमुख होता, जिभेने तिखट पण मनाने वाईट नव्हता. "उत्तराताई, किती वेळा सांगू तुम्हाला. मेकॅनिक दारातून बाहेर पडला की तक्रार बंद करून टाकायची. परत बिघडलं तर माणूस परत फोन करेलच. ती नवी तक्रार. तीही मिटवायची. एका रडण्यात दोन हिरवे."

"तुमची गोदा हिरवी दिसते ती पाणवेलीनं, दादा," भाग्यश्री म्हणाली. "खाली पाणी कुठंय?"

सगळे हसले. संतोषही हसला. पण हसू विरल्यावर जो तो आपापल्या रांगेकडे चोरून बघू लागला. या तिमाहीत जी टीम तळाला राहील तिची एक जागा कमी होणार, असं मयुरेशसाहेबांनी सांगून ठेवलं होतं. दारणात उत्तराताई धरून तिघंच होती. तिसरा राज. तो भराभर फोन उरकायचा आणि त्याची फोनच्या वेळेची पट्टी बोर्डवर आखूड, नीटस दिसायची. भाग्यश्रीची पट्टी लांबलचक.

ती लांब का असे, हे उत्तराताई रोज ऐकत. आत्तासुद्धा तिने नवसाबाईंचा फोन घेतला होता. घोटीच्या पलीकडच्या वाडीवर राहणारी ही म्हातारी. तिच्या दमेकरी म्हाताऱ्याचं वाफेचं यंत्र इन्व्हर्टरवर चालायचं.

"आजी, लाल बटण दिसतंय का? नाय? मग त्या बाबांना खुर्चीत नीट बसवा आधी. मी हाय ना फोनवर. बसवलं? आता भिंतीकडं वळा."

यंत्राची घरघर फोनमधून ऐकू येईपर्यंत भाग्यश्री थांबली. तक्रार बंद करण्याआधी गिऱ्हाइकाच्या तोंडून 'चालू झालं' ऐकायचं, ही शिस्त तिला उत्तराताईंनीच लावली होती. नोकरीही त्यांनीच मिळवून दिली होती. भाग्यश्रीची सासू आक्काबाई मखमलाबादहून फुलं आणून बाजारात विकायची, आणि उत्तराताईंच्या देवांना वर्षानुवर्षं तिचीच फुलं चढत. नवरा गेल्यावर सून घरात खचून बसली, तेव्हा आक्काबाईंनी पदर पसरला होता, "माझ्या पोरीला हापिसात कुठंतरी चिकटवा, माय." तेव्हापासून भाग्यश्री रोज पळसाच्या पानात बांधलेली फुलपुडी आणून टेबलावर ठेवायची. तिची मुलगी यंदा शाळेत जायला लागली होती आणि घर तिच्या पगारावर उभं होतं.

"ताई, माझंच नाव जाईल ना?" त्या दिवशी जिना उतरताना तिने विचारलं.

"कशाला जाईल? मी बोलणार आहे साहेबांशी. पावसाळ्यात इगतपुरीचं माप शहराच्या मापानं घ्यायचं नाही, हे त्यांना सांगायलाच हवं. शुक्रवारी चारला वेळ दिलीय त्यांनी."

"तुम्ही बोलाल म्हणजे झालं," भाग्यश्री म्हणाली, आणि खरोखरच निर्धास्त होऊन स्टँडकडे निघून गेली.

उत्तराताईंच्या घरी मात्र बोलणं ही वस्तूच दुर्मिळ झाली होती. त्यांचे पती शामसुंदर गायधनी म्हणजे रामकुंडावरच्या उपाध्यांतला खणखणीत आवाज. त्यांनी संकल्प सांगायला लागावं आणि पलीकडच्या काठावरच्या माणसाने हात जोडावेत. एका सकाळी स्नानाला उठले आणि उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही. औषधं झाली, मालिश झालं, जिभेचे व्यायाम शिकवणारी बाई येऊन गेली. मग उत्तराताईंनी आपल्या परीने एक धरलं. चातुर्मासात मौनभोजन. पहिला घास घेतला की हात धुऊन चूळ भरेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, खूण नाही. चुकून बोललं तर पान सोडून उठायचं आणि व्रत खंडलं असं समजायचं. आपण गिळलेले शब्द देवाने त्यांच्या तोंडी घालावेत, एवढंच मागणं.

त्यामुळे चार महिने त्या घरात दोन मुकी माणसं समोरासमोर जेवत. आमटी अळणी झाली तरी त्या मीठ मागत नसत. शामसुंदर त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखत आणि डाव्या हाताने मिठाची वाटी पुढे सरकवत.

हे पाचवं वर्ष. आणि गेल्याच आठवड्यात, देवापुढे वात लावताना, मागून आवाज आला होता. "उ." त्या वळल्या तर शामसुंदर त्यांच्याकडेच बघत होते. उत्तरामधला उ. दुसरं काय असणार? त्या रात्री आनंदाने त्यांना झोप लागली नव्हती. अन्नपूर्णेने ऐकलं होतं. आता कार्तिकी द्वादशीपर्यंत फक्त निभवायचं होतं.

शुक्रवारी कॅन्टीनच्या कोपऱ्यात त्यांनी डबा उघडला. चारला काय बोलायचं ते सकाळी फुलवाती वळतानाच मनाशी घोळून ठेवलं होतं. हात जोडले आणि पहिला घास घेतला.

"उत्तराताई, बरं झालं इथेच सापडलात." मयुरेशसाहेब लॅपटॉप उघडाच घेऊन आले आणि समोर बसले. पाठीला बॅग होती. "पुण्याची मीटिंग अलीकडे घेतलीय, मला आत्ताच निघायचंय. ते नाव आज टाकायलाच लागेल. तुमच्यातून राज किंवा भाग्यश्री. बोर्ड बघितला तर..." बोलता बोलता ते थांबले. "अरे हो. तुमचं मौन. सॉरी हं. माझी आजीपण धरायची."

उत्तराताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मग असं करू. तुम्हाला कशाला त्रास. बोर्डप्रमाणे भाग्यश्रीचं नाव निघतंय, ते मी टाकतो. तुमची हरकत असेल तर फक्त 'थांबा' म्हणा. मी खरंच थांबेन. मग बसून बोलू."

आणि ते थांबले. बोट बटणापाशी ठेवून, घाई न करता, आजीसमोर बसलेल्या नातवासारखे.

'थांबा.' तो शब्द उत्तराताईंच्या जिभेवर आला होता, भाताच्या शितांसकट. आणि त्याच्याच शेजारी तो दुसरा आवाज उभा होता, उ. पाच वर्षांच्या मुक्या घासांनंतर उमटलेलं एक अक्षर. आता बोललं तर ते अक्षर कुठे जाईल? साहेब केबिनमध्ये जातील, वहीबिही घेतील, तोवर आपण भराभर जेवून उठू. जिन्यात गाठू. टाकलेलं नाव खोडता येत असेलच.

त्यांनी नजर डब्याकडे वळवली.

"बरं," मयुरेशसाहेब हलकेच म्हणाले आणि बोट दाबलं. "जेवा तुम्ही सावकाश."

त्या न चावता जेवल्या. चूळ भरली, ओल्या हातांनीच जिना उतरल्या, तर फाटकातून गाडी बाहेर पडत होती. फोन लावला.

"साहेब, भाग्यश्रीचं नाव मागे घ्या. मला बोलायचं होतं."

"ताई, टाकलं तसं ते पुण्याला दिसलंही. त्यांचं पत्र निघेल आता. ते माझ्या हातात नाही राहिलं. मी थांबलो होतो ना हो."

वर आल्या तेव्हा भाग्यश्री पडद्यासमोर उभी होती. दारणाच्या रांगेत राजचं नाव ठळक होतं आणि तिचं राखाडी झालं होतं, राखेनं घासून ठेवल्यासारखं.

"साहेब जेवणाच्या वेळी आले होते का तुमच्याकडं? संतोषदादा म्हणत होते."

"हो."

"तुम्ही जेवत होता?"

"हो गं."

भाग्यश्रीने पदराच्या टोकाशी चाळा केला. "मग कसं बोलणार तुम्ही," ती म्हणाली. "व्रत मोडायचं नसतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उत्तराताईंनी तो आवाजात शोधला, डोळ्यांत शोधला. असता तर बरं झालं असतं.

महिनाअखेर ती गेली. टेबलावर फुलपुडी येईनाशी झाली.

नवसाबाईंचे फोन मात्र यायचे. "ती पोरगी कुठंय? तिला द्या." राज दोन वाक्यांत उरकायचा. एकदा तो सुट्टीवर असताना फोन उत्तराताईंनी घेतला. म्हातारीला बटण सापडेना, मागून खोकल्याची उबळ ऐकू येत होती आणि भिंतीवरच्या पडद्यावर पट्टी लांबत चालली होती. "आजी, उद्या मेकॅनिक येईल हं," त्या म्हणाल्या, आणि घरघर ऐकू येण्याआधीच त्यांनी तक्रार बंद केली. दारणा लालची पिवळी झाली. संतोषने दुरूनच टाळ्या वाजवल्या. सावळीराम दुसऱ्या दिवशी गेला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नंतर नवसाबाईंचा फोन आलाच नाही. आपण करून बघावा असं उत्तराताईंच्या मनात आलं, पण काय ऐकावं लागेल या धाकाने त्यांनी तो केला नाही.

मग पाऊस ओसरला, रस्ते कोरडे झाले, इगतपुरीची वीज सुरळीत झाली आणि दारणा आपोआप हिरवी झाली. "बघा ताई," मयुरेशसाहेब मनापासून म्हणाले, "जमतं की नाही?"

शामसुंदरांचा तो उ पुन्हा उमटला. एकदा दूध उतू जाताना, एकदा दाराशी मांजर आली तेव्हा, एकदा नुसतंच, जांभई देताना.

मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा द्यायची असते. कार्तिकी द्वादशीला उत्तराताईंनी भांडीबाजारातून पितळेची घंटा घेतली. हिंदकळून वाजू नये म्हणून दुकानदाराने तिच्या लोलकाला कागद गुंडाळून दोरा बांधून दिला. फुलांसाठी त्या आक्काबाईंकडे गेल्या. शेजारी गोणपाटावर बसून भाग्यश्री शेवंती ओवत होती.

"आज उद्यापन का, ताई?" तिने न सांगता पळसाच्या पानात फुलं बांधली, वर दोन कमळं ठेवली. "घंटा छान हाय. काकांना काही फरक?"

"नाही गं."

"पडेल," भाग्यश्री म्हणाली. "एवढं कडक केलंत तुम्ही."

आक्काबाईंनी डोळे पुसले की ऊन लागलं म्हणून झाकले, ते कळलं नाही. पैसे त्यांनी मोजून घेतले. पूर्वी कधी मोजत नसत.

देवळात गुरुजींनी घंटा साखळीला अडकवली. "पहिला मान देणाऱ्याचा." उत्तराताईंनी हात वर केला आणि लोलक हलवला. ठप्प, असा आवाज झाला.

"अहो, कागद राहिला की."

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काढा नंतर." आणि मागे न बघता उतरल्या.

घरी दोन पानं मांडली. आज बोलायला मोकळीक होती. इतर आठ महिने त्या जेवताना दोघांच्या वाटचं बोलत. ऑफिसातलं, बाजारातलं, काय वाट्टेल ते. शामसुंदर घास हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. चार महिन्यांनी जेवताना आवाज होणार म्हणून त्यांचा अर्धा चेहरा उजळला होता.

उत्तराताईंनी पहिला घास घेतला. मग दुसरा.

शामसुंदरांनी बराच वेळ वाट पाहिली. मग डाव्या हाताने मिठाची वाटी हळूच त्यांच्या पानाकडे सरकवली.