डोरीनच्या पोटातले मणी

डोरीन मालचुक सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. कॅनडातल्या आल्बर्टाच्या बर्फात तिची गाडी एकदाही रस्त्यावरून घसरली नाही. पण लहानपणापासूनचा मधुमेह साठीला आल्यावर फितूर झाला. रक्तातली साखर उतरली की आधी हात थरथरायचे, घाम फुटायचा. सावध करणारं ते सगळं बंद झालं. काही कळायच्या आत ती कोसळायची. एका दुपारी बस उभी असतानाच ती स्टिअरिंगवर कलंडली. आत मुलं होती. कुणाला लागलं नाही, पण तिचं लायसन्स गेलं.

एडमंटनला ती आमच्या चाचणीत आली, तेव्हा पेशींना कवच चढवायचं काम माझ्याकडे होतं. मृत दात्याच्या स्वादुपिंडातून काढलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आम्ही समुद्री शेवाळाच्या चिकात घोळवून मणी करायचो. वर काचेच्या जातीचा अतिशय पातळ थर. साखर आत जावी, इन्सुलिन बाहेर यावं, पण परक्या पेशींवर तुटून पडणारं शरीराचं सैन्य आत शिरू नये, एवढंच त्याचं काम.

रोगी सहसा प्रयोगशाळेत येत नाहीत. डोरीन हट्टाने आली.

"माझ्या पोटात काय कोंबणार ते आधी दाखव, हॅलिना." सूक्ष्मदर्शकातून पाहून ती हसली. "अगं, ही तर साबुदाण्याची खीर!"

मणी पोटात बसवल्यावर सहाव्या आठवड्यात तिचं टोचून घ्यायचं इन्सुलिन निम्म्यावर आलं. एक दिवस तिचा फोन आला. "हॅलिना, आज साखर उतरली आणि माझे हात थरथरले! वेड्यासारखी हातांकडे बघत बसले."

पाचव्या महिन्यात सगळं उलटं फिरलं. आठव्या महिन्यात मण्यांचा उपयोग शून्य. चाचणीचे प्रमुख डॉक्टर प्रेंडरगास्टनी सांगितलं की मणी आत राहिले तरी अपाय नाही, उगाच पोट उघडायला नको.

डोरीनने मला गाठलं. "काढले तर काय बिघडलं ते कळेल का तुम्हाला?"

"कदाचित. पण तुम्हाला फायदा काहीच नाही."

"फायद्याचं विचारलं का मी?"

मी तिला अडवायला हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही ते मणी हवे होते.

शस्त्रक्रिया झाली आणि जखम चिघळली. तीन आठवडे ती इस्पितळात पडून होती. बरी झाल्यावर कमरेत वाकून, भिंत धरत पुन्हा माझ्या टेबलापाशी आली.

काढलेले मणी तिने सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिले. "कवच तर धड दिसतंय."

"धडच आहे. पण बाहेरून तुमच्या शरीराने त्याच्यावर तंतूंची जाड साय विणली. आत प्राणवायू पोहोचेना."

"म्हणजे त्या पेशी मीच गुदमरवल्या."

"नाही हो. शरीराला खपेल असं कवच आम्हाला जमलं नाही."

ती स्टुलावर बसली. "ज्याच्या होत्या, त्याच्या घरच्यांना कळवता का तुम्ही?"

"नाव आम्हालाही माहीत नसतं."

"बरं आहे," ती म्हणाली. मग रुमाल शोधू लागली.

आता ती वेग्रेव्हिलला बहिणीकडे राहते. तिला एकटं सोडत नाहीत. न्हाणीघराची कडीसुद्धा लावायची नाही असं ठरलंय. तिने दिलेल्या मण्यांवरून आम्ही वरचा थर बदलला. पुढच्या रोग्याचे मणी काढून पाहिले, आणि त्या रविवारी मी तिच्याकडे गेले. ती पिरोही नावाच्या उकडलेल्या करंज्यांच्या सारणासाठी बटाटे सोलत होती.

"साय पातळ झालीय," मी म्हणाले.

"किती?"

"निम्मी."

सुरी थांबली. "आणि पेशी?"

"मेल्याच. पण चार महिने जास्त जगल्या."

"चार महिने," ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला. मीही एक सुरी घेऊन तिच्याशेजारी सोलायला बसले.