झाकण सपाट नव्हतं

वसईजवळच्या उमेळ्यात कुठल्या विहिरीचं पाणी गोडं आणि कुठलं मचूळ, हे काळूरामच्या जिभेने ठरायचं. उधाण येऊन गेलं की तो वाडीवाडीतून फिरायचा, ओंजळभर पाणी तोंडात घोळवून थुंकायचा आणि म्हणायचा, "आज पंप नको लावू." लोक लावत नसत. खाली खारं पाणी, त्यावर गोडं तरंगतं, वरचं फार उपसलं की खालचं वर सरकतं, एवढं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं. त्या जोरावर सत्तरीतही तो मान ताठ ठेवून चालायचा. जरा जास्तच ताठ, पण ते असो.

अशा माणसाच्या घरात सांगलीकडची ज्ञानदा सून म्हणून आली आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसू लागली. एकदा त्याने विचारलंच, की तू करतेस तरी काय?

"बाबा, कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून जमिनीखाली दीड किलोमीटरवर सोडतात. तिथला खडक खाऱ्या पाण्याने भिजलेला असतो. वर घट्ट खडकाचं झाकण. गॅस पाण्याहून हलका, म्हणून वर चढतो आणि झाकणाखाली पसरतो. हळूहळू पाण्यात विरघळतो, मग ते पाणी जड होऊन खाली बसतं. तो कधी, कुठवर जाईल, त्याचं गणित मी मांडते."

"किती वर्षांचं?"

"हजार."

पुढच्या अमावास्येपलीकडे काळूरामने कधी भाकीत केलं नव्हतं. त्या दिवसापासून सुनेचं कौतुक सांगताना त्याचं तोंड दुखेना. तिला आता मोठ्या प्रकल्पाचं प्रमुखपद मिळणार, हेही त्याने आधीच गावभर करून ठेवलं.

बुधवारी सकाळी ज्ञानदाची मीटिंग होती. ती बाहेरच्या खोलीत, काळूराम दाराशी वाल सोलत. चाचणीच्या जागेवरून नवे आकडे आले होते. तिच्या गणितात गॅस लांबच्या तपासणी-बोअरपाशी तिसऱ्या वर्षी पोचायचा होता. तो चौदाव्या महिन्यातच तिथे जाऊन बसला होता.

"आत्ता बोअरमधलं मशीन बिघडलंय असं लिहू," तिचे साहेब हर्षवर्धन पडद्यावरून म्हणाले. "पुढच्या फेरीत बघता येईल."

"मशीन ठीक आहे, सर. तीनदा तपासलं. माझं चुकलं." ज्ञानदाचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "झाकण मी सपाट धरलं. ते एका बाजूला उचललेलं आहे आणि गॅस त्या चढाने गेला. बाहेर पडलेला नाही, पण मी सांगितला तिथेही नाही. सगळं नव्याने मांडावं लागेल. तोवर प्रमुखपदाचं राहू द्या."

तिने लॅपटॉप मिटला, आत गेली आणि चहा टाकला. काळूराम मागोमाग गेला.

"पोरी, मशीनवर ढकलता आलं असतं."

"आलं असतं."

"लाज नाय वाटली?"

"वाटली की. अजून रडू येतंय. पण माझी लाज बघून गॅस थांबणार आहे का, बाबा?"

म्हातारा चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. केवढी ही पोर, आणि केवढं हे काळीज! आणि आपण?

वसईच्या वाड्यांमधून गोड्या पाण्याची लहान तळी असतात, त्यांना बावखल म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी शेजारच्या एडवर्डने मुलीच्या लग्नासाठी घर वाढवायला काढलं आणि काळूरामला विचारलं, बावखल बुजवू का? काळूरामने विहिरीचं पाणी चाखलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला: "बुजव. विहिरीला काय होत नाय." बावखलातून पावसाचं पाणी मुरायचं आणि तेच खालच्या खाऱ्याला दाबून धरायचं, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर एडवर्डच्या केळींची पानं कडेने करपली होती. विहिरी उपसून पाणी विकणाऱ्या टँकरवाल्यांमुळेच खारं पाणी वर आलं, म्हणून गावाने त्यांना शिव्या घातल्या. काळूरामनेही घातल्या, सगळ्यांत मोठ्याने. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याने चहा तसाच ठेवला, सदरा चढवला आणि निघाला.

एडवर्ड अंगणातल्या क्रुसाभोवती झाडत होता. "काय रे, आज उधान नाय, आन तू कसा?"

"एडवर्ड, बावखल बुजव म्हनून मीच सांगितलं. तुझी विहीर त्यानं खारी झाली. टँकरवाल्यांनी नाय, मी केली. मला कवाच कळलेलं. बोललो नाय."

एडवर्डने झाडू भिंतीला लावला. त्याचा चेहरा लाल झाला. "माझी बायको मरेपर्यंत विकतचं पानी भरत होती, काळूराम."

"व्हय."

एवढंच तो बोलला, पण जागचा हलला नाही. एडवर्ड घरामागे गेला. आता काठी आणतो, असं काळूरामला वाटलं. आणली असती तरी चाललं असतं. एडवर्डने कुदळ आणली आणि त्याच्या पुढ्यात टाकली.

"जुन्या जागेवर घर हाय. नवं बावखल कुठं खनायचं ते दाखव."

काळूरामने कुदळ उचलली. सवयीने तो विहिरीपाशी गेला, बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाशी नेलं आणि न चाखताच परत सोडून दिलं.

"या टायमाला माझ्या जिभेवर विसंबू नको," तो म्हणाला. "सुनेला घेऊन येतो."

"तिचं तरी बरोबर येल कशावरून?"

"येल असं नाय," काळूराम म्हणाला. "पन चुकली, तर चुकली म्हनून सांगेल."