चिकटलेली दोन पानं

फुकटात मिळणाऱ्याचं कोणी फारसं मनावर घेत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बोलतोच. मी एक पुस्तक आहे. गोष्टींचं नाही, कवितांचं नाही, जोडे शिवायला शिकवणारं. ऐकून तुमचा चेहरा उतरला असेल, तर असं होणारे तुम्ही पहिले नाही. ग्रंथालयात माझ्या पाठीवरचं नाव वाचून पुढे सरकलेली कितीतरी नाकं मी पाहिली आहेत.

मला लिहिलं एका म्हाताऱ्या मोच्यानं. लिहिलं म्हणजे त्यानं सांगितलं आणि शेजारच्या मास्तरांनी उतरवून घेतलं. मोच्याला तोंडानं सांगायची सवय नव्हती. "आरी अशी धरायची, अशी फिरवायची," असं म्हणून तो हात हवेत फिरवायचा, आणि मास्तर लेखणी थांबवून विचारायचे की 'अशी' म्हणजे कशी ते शब्दांत सांग. यावरून दोघांची रोज जुंपायची. मोच्याचं म्हणणं, ज्याला हात आहेत त्याला कळेल. मास्तर म्हणायचे, मग पुस्तक कशाला काढतोस? ही कटकट मिटवायला शेवटी मोच्याची मुलगी मध्ये पडली आणि जिथे शब्द अडले तिथे तिनं चित्रं काढली. माझ्यातलं जे काही चांगलं आहे ते या तिघांच्या भांडणातून आलेलं आहे.

छापून झाल्यावर मला एका लहान कारखान्याच्या मुकादमानं विकत घेतलं. तिथे मला कोणी जपलं नाही, आणि तेच दिवस माझ्या सुखाचे. कातड्याच्या तुकड्यांत, खिळ्यांच्या डब्याशेजारी मी उघडाच पडलेला असायचो. कोणी माझ्यावर कोपर टेकायचं, कोणी कातडं कापायच्या रापीची धार माझ्या पुठ्ठ्यावर पुसायचं. सगळ्यात जास्त उघडलं जायचं ते एकच प्रकरण, 'एक पाय आखूड असेल तर'. तसल्या पायांची माणसं लांबून लांबून त्या कारखान्यात यायची. जाताना पायांकडे बघत बघत जायची, नवी अंगठी घातलेला माणूस बोटाकडे बघत जातो तशी.

सरसाचं भांडं शेजारीच, तेव्हा थेंब उडणारच. एकदा मुकादमानं घाईत मला मिटलं आणि त्याच प्रकरणातली दोन पानं आतल्या आत एकमेकांना चिकटली. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण कारागिरांना तोवर ती पाठ झाली होती.

पुढे यंत्रावरचे जोडे आले आणि कारखाना बंद पडला. मुकादमाच्या सुनेनं माळा आवरला तेव्हा मला ग्रंथालयात देऊन टाकलं. तिथे एका बाजूला विणकाम आणि दुसऱ्या बाजूला बागकाम, मध्ये मी. विणकाम सारखं बाहेर हिंडायचं, परत आलं की कोणाच्या घरी काय चाललंय ते ऐकवायचं. बागकामाला माती लागलेली असायची, त्याचाही त्याला केवढा तोरा. मला काय लागणार, धूळ. मला वाटायचं, एकदा तरी कोणीतरी चुकून मला ओढावं. चुकूनसुद्धा चाललं असतं.

मग एक दिवस कळलं की मी मोकळा झालो. लेखकाला जाऊन कायद्यानं ठरवलेली वर्षं उलटली की त्याच्या पुस्तकावर कोणाचाच हक्क राहत नाही. कोणाचाच नाही म्हणजे सगळ्यांचा. अशा जुन्या, विसरलेल्या पुस्तकांच्या पानांची छायाचित्रं काढून ती सगळ्यांसाठी फुकट ठेवायचं काम ग्रंथालयानं हाती घेतलं होतं. त्यात माझाही नंबर लागला.

छायाचित्रं काढायला एक बाई होत्या. हाताचा झपाटा दांडगा, म्हणून सगळे त्यांना झपाटाबाई म्हणायचे. काचेखाली मला ठेवायच्या, वर लख्ख उजेड पडायचा, पान उलटलं, पुन्हा उजेड. अंगठ्याला रबराची टोपी घातलेली. उघड्या अंगठ्याला पान एक आहे की दोन ते बरोबर कळतं. रबराच्या अंगठ्याला कसं कळणार? चिकटलेली पानं एकाच झटक्यात उलटली गेली. शेजारच्या पानाच्या कोपऱ्यात तो रबरी अंगठाही छायाचित्रात आला. मी ओरडलो असतो, पण आमच्या जातीला आवाज दिलेला नाही.

त्या दिवसापासून मी दोन झालो. एक उजेडाचा, जो जगात कुठेही, कोणाच्याही फोनवर उघडतो. दुसरा कागदाचा, ज्याची आता गरज उरली नव्हती. कागदाच्या मला गठ्ठ्यात बांधून तळघरात टाकलं. लगद्यासाठी गाडी येणार होती.

उजेडाच्या मला उघडलं एका आत्यानं. तिचं रस्त्याच्या वळणावर छोटंसं दुकान होतं, बापाकडून आलेलं. टाचा बसवणं, पिशव्यांच्या चेन बदलणं, कधीमधी नवा जोड शिवणं. तिच्या भावाच्या मुलीला घरात सगळे बबडी म्हणायचे. आजारपणानंतर बबडीचा डावा पाय वाढायचा राहिला तो राहिलाच. दवाखान्यातून जाड तळाचा बूट दिला होता, पण तो इतका जड की बबडी त्याला 'माझी वीट' म्हणायची. वीट घालून ती चार पावलं टाकायची आणि पुढचं टोक जमिनीला अडकून पडायची. पडून पडून तिनं बाहेर जाणंच सोडलं होतं. गल्लीतल्या मुली हाक मारायला यायच्या, तर ही खिडकीतून सांगायची की मला आज काम आहे. त्या एवढ्याशा पोरीला कसलं आलंय काम!

आत्यानं स्वतः करून पाहिलं होतं. लाकडाचा तळ लावला, मग रबराचा लावला. हलका झाला तर झिजायचा, टिकला तर जड व्हायचा, आणि काहीही केलं तरी टोक अडकायचंच. शेवटच्या वेळी बबडी दुकानाच्या पायरीवरच पडली आणि ओठ फुटला. तिचा बाप घरं रंगवायची कामं घ्यायचा, स्वभावानं गरीब माणूस. पण त्या दिवशी तोही बोलला. म्हणाला की ताई, आता आणखी एकदाच. नाही जमलं तर पुन्हा प्रयोग नकोत. वीट तर वीट, तिला सवय करायला लावू. तेवढ्यात बबडी म्हणाली, "आत्या, मला छान चालायचं नाहीये. फक्त पडायचं नाहीये."

ते वाक्य आत्याच्या जिव्हारी लागलं. गिऱ्हाईक नसलं की ती फोन घेऊन बसायची आणि काहीबाही शोधायची. महागडे बूट दिसायचे, डॉक्टरांच्या जाहिराती दिसायच्या. असंच शोधता शोधता एकदा माझं नाव समोर आलं. तिला आधी वाटलं, यात काहीतरी गोम आहे. पैसे मागितले नाहीत, नाव विचारलं नाही, वाचायला सगळं उघडं. तिनं दोनदा मागे जाऊन पाहिलं, आपण काही भलतंच तर दाबलं नाही ना म्हणून. मग चष्मा लावला आणि मला वाचायला घेतलं.

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या चित्रावर बोट ठेवून मान डोलावली. "बरोबर," ती मध्येच म्हणायची, "माझे बाबा पण असंच धरायचे." तळाला लाकूड किंवा रबर नको, बुचाचे थर द्यावेत, हे वाचून तिनं कपाळाला हात लावला. आणि मग ती त्या पानावर आली. पानाच्या शेवटी वाक्य होतं, 'तळाचा पुढचा भाग कधीही'. तिनं बोटानं पान सरकवलं. पुढच्या पानाची सुरुवात होती, 'म्हणून पॉलिश नेहमी थंड कातड्यावर करावं.'

आत्यानं मागे जाऊन पुन्हा वाचलं. पुन्हा सरकवलं. मग फोन थोडा लांब धरून मला म्हणाली, "कधीही काय रे बाबा? कधीही काय?"

माझीच लाज मला वाटली. उजेडाच्या मला पुढचं माहीतच नव्हतं. ज्या कागदाच्या मला माहीत होतं, तो तळघरात सुतळीनं बांधलेला, आणि त्याची नेमकी तेवढीच पानं मिटलेली.

आत्या चिवट होती म्हणून बरं. पानाखाली 'चूक कळवा' असं एक बटण होतं. ते दाबून तिनं एका बोटानं टाइप केलं: 'पानं गाळली आहेत. पुढचं वाक्य पाहिजे. आमच्या मुलीच्या बुटाचा प्रश्न आहे.'

ग्रंथालयात हा निरोप झपाटाबाईंकडे आला. त्यांनी उजेडाच्या मला उघडलं, पानांचे आकडे पाहिले आणि शेजारच्या पानाच्या कोपऱ्यातला स्वतःचा अंगठा पाहिला. त्या उठून साहेबांकडे गेल्या, तळघराची किल्ली मागितली. साहेबांचं म्हणणं पडलं की गठ्ठे आता मोजून, बांधून झालेत, गाडी आलेलीच आहे. जोड्यांच्या जुन्या पुस्तकातली दोन पानं राहिली तर राहिली, ते वाचतंय कोण?

"कोणीतरी वाचलंय, म्हणूनच कळलं ना, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी किल्ली दिली. तळघरात बाईंनी इतकी धावपळ केली की झपाटा कशाला म्हणतात ते मला तेव्हा समजलं. हमाल गठ्ठे उचलत होते आणि या सुतळ्या सोडत होत्या. विणकामाची जुनी प्रत निघाली, बागकाम निघालं, माझा पत्ता नाही. मी एका हमालाच्या खांद्यावर होतो. बाईंनी त्याला दारातच गाठलं आणि गठ्ठा खाली ठेवायला लावला. तो म्हणाला की बाई, तुमची नजर भारी. बाई म्हणाल्या की नजर भारी असती तर ही वेळच आली नसती.

पानं चिकटलेली दिसल्यावर त्यांनी ओढाओढ केली नाही. रबराची टोपी काढून ठेवली. जेवणाच्या सुट्टीत चहाच्या किटलीच्या वाफेवर मला हलकेच धरलं आणि उघड्या अंगठ्यानं कडा चाचपत राहिल्या. जुना सरस तो, वाफेनं विरघळतो. त्यांचा जेवणाचा डबा बाजूला तसाच राहिला. पानं सुटली तेव्हा त्या माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सुटलास बाबा." मग मला काचेखाली नेलं. पुन्हा एकदा तो लख्ख उजेड.

कागदाच्या माझी ती अखेरची गोष्ट. गाडी दुसऱ्या फेरीला आली आणि मी गेलो. कोण जाणे, लगदा होऊन एखाद्या जोड्याचं खोकं झालो असेन. तसं असेल तर माझी काही तक्रार नाही, धंदा तरी तोच राहिला.

आत्यानं फोन उघडला तेव्हा वाक्य पुरं झालं होतं. 'तळाचा पुढचा भाग कधीही सपाट ठेवू नये.' खाली मोच्याच्या मुलीचं चित्र होतं. तळ पुढच्या बाजूला पाळण्याच्या बुडासारखा वर वळलेला, म्हणजे टोक जमिनीला अडणार नाही, पाऊल आपसूक पुढे घरंगळेल. आणि त्याखाली आणखी एक ओळ होती: 'उणी उंची एकदम भरून काढू नये. पायालाही मन असतं, त्याला थोडं थोडं समजवावं.' ही ओळ मास्तरांची नाही. पायांशी आयुष्यभर बोललेल्या माणसाचीच ती असू शकते. आत्यानं ती मोठ्यानं वाचली आणि पदराला चष्मा पुसायला लागली.

मग तिनं बुचाचे थर कापले, एकावर एक बसवले, पायाच्या लाकडी फर्म्यावर चढवले, रापीनं पुढची कड उतरवली. घासायची, हातात घेऊन टेबलावर डोलवून बघायची, पुन्हा घासायची. मी फोनमधून शेजारीच उभा होतो, खिळ्यांच्या डब्याला टेकून. किती काळानं मी पुन्हा कामाच्या टेबलावर आलो होतो. माझ्या पडद्यावर बुचाचा भुसा उडत होता आणि आत्या तो मनगटानं पुसत होती.

बबडीला तिचा बाप घेऊन आला. बूट हातात घेतल्याबरोबर ती म्हणाली की हा तर रिकामा आहे, इतका हलका तो होता. आत्यानं लेस बांधली आणि बाजूला झाली. कोणी तिचा हात धरला नाही. बबडी भिंतीशी उभी राहून आधी नुसती डोलली, पुढे, मागे. मग एक पाऊल टाकलं. बापानं खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती, पडायची भीती पोरीची आणि आधार घेतला होता यानं. ती दारापर्यंत गेली. त्याच पायरीपाशी थांबली. तिघांनीही श्वास रोखले, मला धरून चौघांनी. बबडीनं नव्या बुटाचा पाय पायरीखाली टाकला, मग दुसरा, आणि गल्लीतल्या मुली खेळत होत्या तिकडे निघून गेली. जाते म्हणून सांगितलं नाही की मागे वळून पाहिलं नाही.

वाचकहो, माझ्यासारखी कितीतरी पुस्तकं अशीच मोकळी होऊन तुमच्या हाकेच्या अंतरावर पडून आहेत. पैसे नकोत, ओळख नको. उघडून बघा. एखादं पान गाळलेलं दिसलं तर कळवा, कोणाचा तरी जीव त्यात अडकलेला असू शकतो. आणि काम झालं की आम्हाला खुशाल मिटून टाका.

त्या दिवशी मला मिटायचंही कोणाला सुचलं नाही. आत्या आणि तिचा भाऊ दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. बाहेर मुलींचा कालवा चालला होता आणि त्यात बबडीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. टेबलावर माझा पडदा अंधूक झाला, मग आपोआप विझला. मला आजवर पुष्कळांनी विसरलं, पण इतक्या आनंदानं कोणी विसरलं नव्हतं.