पाखरांपुढचं भाषण

त्या पत्राचं उत्तर तिनं वर्षभर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं, सोप्या इंग्रजीत, थरथरत्या अक्षरांत. गेल्या वर्षी कॉलेजातल्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेला एक म्हातारे मास्तर परीक्षक म्हणून आले होते, त्यांनी लिहिलेलं. तू एक शब्द बोलली नाहीस, पण घंटा होईपर्यंत जागची हललीही नाहीस. पळून गेलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहशील का? कळव.

कळवायचं काय? होय म्हणावं तर पुन्हा तीच घंटा, नाही म्हणावं तर लाज. शिवाय उत्तर इंग्रजीत लिहायचं, म्हणजे मास्तर लाल शाई घेऊनच वाचणार. तिनं पत्र शब्दकोशात ठेवलं. तेवढं पान आलं की ती नजर चुकवून पुढं जायची.

गावात तिला मुकी म्हणत. हे नाव दूधवाल्यानं पाडलं. कॉलेजच्या कॅन्टीनला दूध घालायला तोच जायचा. स्पर्धेच्या वेळी सभागृहाच्या दारात उभा राहून त्यानं सगळं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर घरोघर वाटलं.

"वहिनी, तुमची लेक नुसती उभी हो! त्यापेक्षा खांब बरा. खांबावर निदान दिवा तरी असतो."

आईनं त्या दिवसापासून दूध दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. बाप मात्र बोलला. म्हणजे त्याला जमेल तेवढं. उभा जन्म त्यानं शेतांची राखण करण्यात घातला होता. चार खांबांच्या माळ्यावर उभं राहून हाक टाकली की ओढ्यापलीकडची पाखरं उठत, असा त्याचा गळा. त्या गळ्याचं आता वाळलेलं चिपाड झालं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, आवाज परत यायचा नाही. तो कुजबुजायचा, आणि त्याचं ऐकायला सगळ्यांना वाकावं लागायचं.

"माझा आवाज कामात गेला," तो म्हणाला. "तुझा धडधाकट आहे आणि बाहेर येत नाही. मग शिकून काय लोणचं घालायचंय? बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. यंदा बोललीस तर शीक. नाही बोललीस तर पुस्तकं बांध आणि माळ्यावर चढ."

"बाबा, अजून एक वर्ष..."

"वर्ष मागून आवाज येतो का?"

हे त्यानं इतकं हळू म्हटलं की तिला वाद घालता येईना. ओरडणाऱ्या बापाशी भांडता येतं. कुजबुजणाऱ्याशी कसं भांडायचं?

यंदाची स्पर्धा आली ती नेमकी कणसं भरायच्या दिवसांत. दाणा दुधात आला होता. बोटानं दाबला की पांढरा थेंब यायचा, आणि हे माणसाच्या आधी पाखरांना कळायचं. बापाला हाक जमेना, आईला मळणीच्या जागेचं सारवण, गुरं आणि घर. तेव्हा राखण लेकीकडं आली. स्पर्धेआधीच माळा नशिबी आला, असं म्हणत ती शिडी चढली आणि भाषणाचा कागद घेऊन बसली. विषय कॉलेजनं दिलेला, वेळेचं महत्त्व. घरात आरशापुढं तिनं ते भाषण किती वेळा म्हणून बघितलं होतं. ओठ हलायचे, आवाज नाही. आरशातली मुलगी तिच्यापेक्षाही भित्री होती.

दुपारी आई भाकरी घेऊन आली तर बांधाकडचा एक पट्टा पोकळ झालेला. कणसांच्या जागी नुसती दाणे टिपलेली बुरकुंडं.

"काय करत होतीस गं?"

"पाठ करत होते."

"तू वेळेचं महत्त्व पाठ कर, तोवर पाखरं जेवून हात धुऊन जातील!" आई कपाळाला हात लावून खाली बसली. "खायचं काय आपण? तुझा कागद?"

संध्याकाळी बाप आला. त्यानं गोफण तिच्या हातात दिली, दगड घातला, तिचा हात धरून फिरवला. फिरवणं तिला जमलं. सोडणं जमेना. दोन्ही दोऱ्या ती गच्च धरून ठेवी आणि दगड परत येऊन तिच्याच पाठीत बसे.

"एक दोरी सोडायची," बाप तिच्या कानाशी म्हणाला. "सगळे फिरवतात. भीती असते ती सोडायची."

"कुठं लागला तर?"

"लागू दे. पण हातात ठेवलेला दगड तुलाच लागतोय ना?"

सकाळी थवा उतरला. तिनं गोफण गरगरवली, हाक टाकायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते पाठ केलेलंच.

"रिस्पेक्टेड जजेऽऽस!"

दोरी सुटली. थवा असा उठला की आभाळ हललं. ती स्वतःच दचकली. मग दुसरा थवा आला, त्याला तिनं दुसरं वाक्य हाणलं. "टाइम इज प्रेशस! हाऽऽ हुर्र!" वाक्य, दगड, हुर्र. वाक्य, दगड, हुर्र. असं करता करता सबंध भाषण तिनं शेतावर फेकलं. खाली आई बांधावरचं गवत कापत होती. ती कंबर धरून उभी राहिली.

"हे जजेस म्हणजे कोण गं? चिमण्या?"

"परीक्षक असतात, आई."

"मग बरोबर आहे. दुसऱ्याच्या कष्टावर बसून टिपणारेच की!"

दोघी हसल्या. पण रात्री अंथरुणावर तिनं तेच भाषण हलक्या आवाजात म्हणून बघितलं, तर पहिला शब्दही बाहेर पडेना. हात हलल्याशिवाय जीभ हलत नव्हती. माळ्यावर शूर आणि चार भिंतींत मांजर. गोफण काही व्यासपीठावर नेता येत नाही.

स्पर्धेच्या दिवशी आई माळ्यावर चढली, बाप पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन बांधावर बसला, आणि ती एकटी कॉलेजात गेली. या वेळी परीक्षक दुसरे होते, चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या एक बाई. त्यांनी नियम वाचून दाखवला : भाषणात मातृभाषेतला एकही शब्द आला तर स्पर्धक बाद.

तिला बोलावलं. ती उभी राहिली. समोर खुर्च्या, डोकी, दारात दूधवाला, खांद्यावर रिकामा कॅन. तिचे हात लोंबत होते, रिकामे. पहिला शब्द कुठं गेला? घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. कुणीतरी खुदकन हसलं. दूधवाल्यानं मान हलवली, जणू तो म्हणत होता, आलो ते वाया नाही. ती जमिनीकडं बघेना, कारण बघितलं असतं तर रडू आलं असतं. म्हणून तिनं वर बघितलं.

वर, पंख्याच्या दांडीवर, चिमण्या बसल्या होत्या. ओळीनं, निवांत, पोटं फुगवून.

तिचा हात आपोआप उठला.

"हाऽऽ हुर्र!"

तावदानं थरथरली. चिमण्या खिडकीतून पसार झाल्या. सभागृह एक क्षण थिजलं आणि मग असं फुटलं की हसणाऱ्यांच्या खुर्च्या सरकल्या. पण तिला आता थांबता येत नव्हतं. हात गरगरत होता आणि शब्द सुटत होते. "रिस्पेक्टेड जजेऽऽस!" परीक्षक बाईंनी कानावर हात ठेवले. मध्ये दोन ठिकाणी आणखी हुर्र आलं, ते तिला नंतर कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. हसणं हळूहळू विरलं. शेवटचं वाक्य तिनं पूर्ण शांततेत फेकलं आणि मगच घंटा झाली.

"आवाज आहे तुझ्याकडे," परीक्षक बाई म्हणाल्या. त्या खरोखरच हळहळल्या. "पण ते हुर्र इंग्रजी नव्हे. नियम मी केलेला नाही, मुली."

बाद.

परतीच्या वाटेवर तिला रडूही येईना. एवढं करून पदरात काय पडलं? बापाला सांगायचं काय, बोलले पण बाद झाले? त्याला त्यातला फरक समजावून कोण सांगणार? पुस्तकं कोणत्या दोरीनं बांधायची, हेही तिनं ठरवून टाकलं.

शेताजवळ येताच हाक ऐकू आली. माळ्यावर आई उभी, पदर खोचलेला, हातात गोफण.

"रिस्पेटेड जजेऽऽस! हाऽऽ हुर्र! टाइम पेशऽऽस!"

बापाजवळ दूधवाला बसला होता. सायकलवरून तो आधीच पोचला होता.

"बाद झाले, बाबा," ती लांबूनच म्हणाली.

बापानं तिकडं लक्ष दिलं नाही. तो दूधवाल्याकडं वळला. "कुठवर गेला?"

"काय?"

"आवाज. कुठवर?"

दूधवाल्यानं कॅनवर बोटं वाजवली. खोटं बोलायचं त्याच्या जिभेवर आलं असावं, पण ते गिळून तो म्हणाला, "फाटकापर्यंत, दादा. माझी सायकल फाटकात लावलेली, तिथला रखवालदार पळत आला, काय झालं म्हणून."

बापानं पोकळ झालेल्या पट्ट्याकडं बघितलं. आज लेक नसताना आणखी एक कोपरा गेला होता.

"ये, वाक," तो तिला म्हणाला. ती वाकली. "दाणा घरात येईपर्यंत माळा तुझा. मग कॉलेज." आणि पुढं म्हणाला, "काय बाद केलं ते त्यांचं त्यांना."

दुसऱ्या दिवशी माळ्यावर बसून तिनं मास्तरांना लिहिलं. इंग्रजीत, तीन ओळी. उभी राहिले. बोलले आणि बाद झाले. पुढच्या वर्षी परत उभी राहीन. दुसऱ्या ओळीत क्रियापद चुकलंय असं वाटत होतं. शब्दकोश घरी होता. ओळ तिनं मोठ्यानं वाचली, थवा उठला. म्हणजे चालेल.

गावच्या टपालपेटीपाशी तिनं पाकीट फटीत घातलं आणि एक टोक बोटांत गच्च धरून ठेवलं. मग सोडलं.