जुलैत तोडलेला बांबू

जपानातल्या आमच्या बेप्पू गावात बांबूकामात माझं नाव होतं. उसामीबाईंच्या हॉटेलात, गरम झऱ्याच्या न्हाणीत, पाहुणे कपडे काढून ठेवतात त्या टोपल्या चौतीस वर्षं माझ्याच हातच्या. परवा एकीचा कान तुटला म्हणून गेलो, तर न्हाणीबाहेर फुमिएसान गुडघे टेकून, मान खाली घालून बसलेली. चौदा वर्षं तिथं झाडलोट करणारी बाई.

"तीन पाहुण्यांच्या अंगावर फोड!" उसामीबाई कडाडत होत्या. "पिसवा झाल्यात आपल्याकडे, पिसवा! तुम्हीच सांगा नोगामीसान, ही काय साफसफाई झाली?"

माझं लक्ष टोपलीखाली गेलं. तिथं पिठासारखा भुसा पडला होता, आणि काठावर तिळाएवढी, बिनपंखांची, मुंगीसारखी दिसणारी गांधीलमाशी फिरत होती. बांबू पोखरणाऱ्या अळीला ती नांगी मारते आणि तिच्या अंगावर आपली पिल्लं पोसते. वाटेत माणूस आला तर त्यालाही डसते. ती आहे म्हणजे आत अळी आहे, आणि अळी आहे म्हणजे बांबू उन्हाळ्यात तोडलेला आहे. बांबू थंडीतच तोडायचा, हे आमच्याकडे पोरंटोरंही जाणतात. मी गेल्या वर्षी भर जुलैत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, तोडला होता. बाईंना चाळीस नव्या टोपल्यांची घाई होती, आणि सत्तरी गाठलेल्या मला 'जमणार नाही' म्हणायला जीभ रेटेना.

हे तिथल्या तिथं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हवा दमट आहे. कोपरे जरा नीट पुसायला हवेत."

फुमिएसानने एकदाच वर पाहिलं. महिनाअखेरीला काम सोडायचं, असं तिला सांगण्यात आलं. मी टोपलीचा कान बसवला, चहा घेतला आणि घरी आलो. हो, चहासुद्धा घेतला. आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली आणि कागदाची पुडी पुढे ठेवली. आत भुसा आणि तसल्याच चार माश्या.

"माझे वडील बांबू तोडायचे," ती म्हणाली. "मला कळतं हे."

"मग बाईंना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं होतं." ती म्हणाली, "आता राहू द्या. झाडू मला कुठंही मिळेल. तुम्हाला या वयात नवीन काम कोण देणार?"

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी तडक हॉटेल गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. उसामीबाई चक्क हसायला लागल्या. "तिच्यासाठी स्वतःवर घेताय होय? फार मऊ मन बाई तुमचं, नोगामीसान!"

त्या क्षणी मला माझ्या चांगल्या नावाचीच किळस आली. मी सुरी काढली, एक टोपली उचलली आणि तिच्या काठाचा बांबू उभा चिरला. आत पोखरलेली वाट, वाटेत सुकलेली अळी, तिला चिकटलेले पिल्लांचे कोश, आणि शेजारी राखण करत बसलेली त्यांची आई. मी अंगठा पुढे केला. तिने आपलं काम चोख केलं. पाहुण्यांना उठला होता तसाच लाल फोड माझ्या अंगठ्यावर उठला.

बाई फोडाकडे बघत राहिल्या. मग आत तोंड करून म्हणाल्या, "फुमिएसानला बोलवा."

मला सोडायला त्या दारापर्यंत आल्या आणि कमरेत पार वाकून त्यांनी नमस्कार केला. एरवी नुसती मान हलवून 'या हं' म्हणायच्या. इतकं वाकून त्या परक्या माणसांना निरोप देतात.